झोर्की-४ वर परवडणारी वाइड लेन्स कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबांच्या कपाटात झोर्की-४ (जुना रशियन फिल्मचा कॅमेरा) सापडली, तिच्यावर ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची लेन्स. दोन रोल काढून पाहिले, कॅमेरा चालतो. घरचा टॉवेलचा कारखाना अशोक चौकाच्या पुढे, आठ माग. आत ५० च्या लेन्सने एक माग धड मावत नाही. शिवाय जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा आहे, नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीचे फोटो काढायचे आहेत. लायकाच्या लेन्सचे भाव बघून घाम फुटला. व्ह्यूफाइंडर धरून २०-२५ हजारांत दुसऱ्या कंपनीची कोणती वाइड घ्यावी: २१, २८ की ३५?

तू मला काका म्हटलंस म्हणून मीही तुला अरेतुरेच करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो: ३५ मिलिमीटर, एफ/२.८ ची ज्युपिटर-१२ घे. (एफ हा लेन्सच्या छिद्राचा आकडा: आकडा लहान तेवढं छिद्र मोठं, उजेड जास्त.) आट्यांची, म्हणजे स्क्रूची, बायोनेटची, म्हणजे खाचेत अडकवायची नाही. उरलेले पैसे फाइंडर, सर्व्हिसिंग आणि रोल यांत घाल. २८ चा मोह पुढच्या वर्षासाठी ठेव. २१ विसर. हे असं का, ते आता सांगतो, कारण माझं न ऐकता तू २१ घेणार आहेस असा मला दाट संशय आहे. तुझ्या वयात मीही तेच केलं असतं.

आधी कारखान्यात जा आणि टेप घेऊन मोज. वाइड लेन्स घेणारे लोक अंशांत विचार करतात, मी फुटांत करतो. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद. ती लेन्सच्या मिलिमीटरने भागायची आणि समोरच्या अंतराने गुणायची, की समोर किती रुंदी मावणार ते कळतं. मागापासून तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर उभा राहिलास तर ५० च्या लेन्समध्ये जेमतेम २.१५ मीटर रुंदी येते. ३५ मध्ये ३.१ मीटर, २८ मध्ये ३.८५, आणि २१ मध्ये पाच मीटरच्या वर. टॉवेलचा माग आणि शेजारी उभा कामगार ३५ मध्ये आरामात बसतात. पाच मीटर रुंदीत माग, माणूस, भिंतीवरचं कॅलेंडर, स्विचबोर्ड आणि कोपऱ्यातली सायकल, सगळं येतं. पण माणूस एवढासा होतो. मग तू त्याच्या जवळ जातोस, आणि कडेला असलेला त्याचा हात भोपळ्यासारखा फुगतो. २१ ही शिकायची लेन्स आहे, पण तिच्यावर शिकायला सुरुवात करायची नसते.

दोन मागांमधल्या गल्लीत तीन मीटर मागे सरकायला जागाच नसेल तर? तर दाराच्या उंबऱ्यात उभा राहा. आमच्याकडच्या कारखान्यांचं दार बहुतेक गल्लीच्या तोंडाशीच असतं, आणि उजेडही तिकडूनच येतो. तिथूनही भागलं नाही तर २८ चा विचार करू.

आता उजेडाचं. सगळं गणित इथे अडतं.

सोलापूरचं ऊन तुला सांगायला नको. ४०० आयएसओच्या फिल्मवर भर दुपारी एफ/१६ आणि शटर १/५०० सेकंद हा साधा हिशोब. म्हणजे बाहेर काढायच्या फोटोंसाठी एफ/४ काय आणि एफ/६ काय, तुला कधी पूर्ण उघडावंच लागणार नाही. लोक एफ/१.४ आणि एफ/२ च्या मागे धावतात आणि इथे त्याच लेन्स एफ/११ वर वापरतात. न वापरलेल्या छिद्राचे पैसे भरण्यात अर्थ नाही. यात्रेच्या दिवसाच्या फोटोंना कोणतीही जुनी, मंद, स्वस्त वाइड चालेल.

पण कारखान्यात ट्यूबलाइट. मागे मी अशाच एका टॉवेलच्या कारखान्यात उजेडाचा मीटर धरून पाहिलं: मागाच्या अगदी वर ट्यूब होती तिथे ४०० च्या फिल्मला एफ/२.८ आणि १/३०. दोन मागांमध्ये त्याहून एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच उजेड. या उजेडात एफ/६ ची लेन्स लावलीस तर १/८ च्याही खाली जावं लागेल, आणि शेजारी माग धडधडत असताना, पायाखालची फरशी हलत असताना हातात धरून १/८ म्हणजे नुसता चिखल. एफ/२.८ वर १/३० मात्र निभतं. झोर्कीत आरसा नाही, त्यामुळे धक्का कमी बसतो, आणि वाइड लेन्सला हाताचं हलणं कमी दिसतं. १/३० वर धोटा दिसणारच नाही, फणी धूसर होईल, पण माणूस स्थिर राहील. मला तरी तो फोटो बरा वाटतो. सगळंच गोठवलेला माग बंद पडल्यासारखा दिसतो.

म्हणून तुझ्या कामाला एफ/२.८ च्या आसपासची लेन्स लागते. त्याहून उघडी नको, त्याहून मंदही नको. या एका अटीवर निम्मी यादी कटते.

आता तुझ्या कॅमेऱ्याला काय बसतं ते बघू. झोर्की-४ ला जुन्या लायकाचेच ३९ मिलिमीटरचे आटे आहेत, आणि लेन्स टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर २८.८ मिलिमीटर. याच आट्यांवर रशियन, जपानी, जर्मन अशा शेकडो लेन्स निघाल्या. मात्र विकणारे लोक सगळ्याला ‘एम ३९’ म्हणतात, आणि माती तिथे होते. झेनिट हा रशियन आरशाचा कॅमेरा, त्याच्या जुन्या लेन्सही ३९ च्याच. झोर्कीवर त्या गोल फिरून घट्ट बसतातसुद्धा. पण त्या ४५.२ मिलिमीटर अंतरासाठी बनवल्या आहेत. मी एकदा ३७ मिलिमीटरची मीर-१ अशीच घेतली. जाहिरातीत झोर्कीचं नाव होतं, लेन्सवर ‘ब्रसेल्स १९५८’ असं ग्रां प्रीचं कौतुकही कोरलेलं. झोर्कीवर बसली, मी खूश. एक अख्खा रोल काढला. धुऊन टांगला तर ३६ च्या ३६ चौकटींत धुकं. लेन्स फिल्मच्या १६ मिलिमीटर जास्त जवळ बसली होती, जगातली कुठलीच वस्तू तिच्यात फोकस होणं शक्य नव्हतं. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत, आणि चूक निम्मी माझीही होती, कारण मी मागून बघितलंच नव्हतं. झोर्की हा रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे खिडकीत दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा. अशा कॅमेऱ्याच्या लेन्सला मागे एक कडं किंवा जीभ असते, जी कॅमेऱ्यातल्या दांडीला ढकलते. ते कडं नसेल आणि अंतराचा आकडा पटत नसेल तर हात लावू नकोस. एन्लार्जरच्या, म्हणजे फोटो मोठे करून छापायच्या यंत्राच्या लेन्सही ३९ च्या असतात, त्या तर फोकसची रिंगच नसलेल्या.

उलट बाजूचा घोटाळा म्हणजे कीव्ह, हा दुसरा सोव्हिएत कॅमेरा. ज्युपिटर-१२ दोन अवतारांत निघाली: एक आट्यांची, एक कीव्ह आणि जर्मन काँटॅक्स कॅमेऱ्यांच्या बायोनेटची. समोरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागव. देत नसेल तर पुढचा बघ.

ज्युपिटर-१२ ची जात मोठ्या घराण्यातली आहे. १९३० च्या दशकात लुडविग बेर्टेलेने त्साइसच्या काँटॅक्ससाठी ३५ ची बायोगॉन आखली, आणि महायुद्धानंतर रशियनांनी तीच रचना आपल्याकडे बनवायला घेतली. सुरुवातीला तिचं नाव बीके-३५ होतं, पुढे ज्युपिटर-१२ झालं. म्हणून ती ‘स्वस्त नक्कल’ असली तरी नक्कल कशाची आहे ते लक्षात ठेव. सरळ रेषा सरळ ठेवण्यात ती तिच्या दुप्पट-तिप्पट किमतीच्या लेन्सना लाजवते. मागाच्या चौकटी, खांब, छताचे लोखंडी कैचे, सगळं काटकोनात येतं. कोपरे एफ/२.८ वर थोडे मऊ आणि काळसर असतात, एफ/५.६ नंतर तक्रारीला जागा नाही. समोरून ऊन आलं तर मात्र जुन्या कोटिंगमुळे फोटो दुधाळ होतो. यात्रेत सूर्य पाठीशी किंवा बाजूला ठेव.

आता ही लेन्स हातात घेतल्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण पहिल्यांदा बघणारा दचकतो. समोर काच खोल विहिरीत बसलेली. छिद्राची रिंग बाहेर नाही, त्या विहिरीच्या आतल्या काठावर आहे. बोट आत घालून फिरवायची, तिला टिकटिक नाही, आकडे समोरून वाचायचे. म्हणजे एफ बदलताना कॅमेरा उलटा करून तोंडाकडे बघावं लागतं. सवय होते. मागची बाजू तर त्याहून गमतीची: एक फुगीर, मोठी काच आट्यांच्या कितीतरी बाहेर आलेली, एखाद्या बेडकाच्या डोळ्यासारखी. कॅमेऱ्यात ती शटरच्या पडद्याच्या अगदी तोंडाशी जाते. म्हणून ही लेन्स मागच्या अंगावर टेबलावर ठेवलीस की काच थेट लाकडावर. साधं मागचं झाकण बसत नाही, उंच खास झाकण लागतं. विकताना ते हरवलेलं असतं. मी फिल्मच्या प्लास्टिकच्या डबीचं झाकण आणि फोमचा गोळा यांच्यावर बरीच वर्षं काढली. याच फुगीर काचेमुळे ती लायकाच्या सीएल आणि एम५ या कॅमेऱ्यांवर लावायची नाही, तिथे आत उजेडाच्या मीटरची दांडी फिरते आणि काचेवर आपटते. तुझ्या झोर्कीवर काही प्रश्न नाही, ती तिच्याच घरची.

घेताना मोबाइलचा टॉर्च हवा. छिद्र पूर्ण उघड, टॉर्च मागून तिरका धर, पुढून बघ. सरळ बघितलंस तर प्रत्येक लेन्स स्वच्छ दिसते. तिरक्या उजेडात तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या. धुळीचे कण: असू देत, चाळीस-पन्नास वर्षांच्या काचेत धूळ असणारच. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे: बुरशी. ही कोरड्या सोलापुरात फारशी वाढत नाही, पण लेन्स मुंबई-कोकणातून आली असेल तर हमखास. कडेला इवलीशी असेल तर साफ होते, मध्यभागी असेल तर कोटिंग खाल्लेलं असतं. तिसरं म्हणजे पातळ, एकसारखा दुधी थर: ग्रीसची वाफ काचेवर बसलेली. हा थर बहुतेक वेळा निघतो, आणि विकणारे त्याला ‘किरकोळ’ म्हणतात. पण फोटोचा सगळा जीव हाच थर खातो. ओरखड्याला घाबरू नकोस, थराला घाबर.

छिद्राच्या पात्यांवर तेल दिसेल. या लेन्समध्ये त्याने काही बिघडत नाही, पाती हाताने फिरतात, त्यांना झटकन मिटायचं नसतं. पण तेच तेल एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या ४२-४३ अंशांत पातळ होऊन काचेवर चढतं. म्हणून लेन्स गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवू नकोस. फोकसची रिंग फिरवून बघ. रशियन ग्रीस वाळून डिंकासारखं होतं. कडक असेल तर सर्व्हिसिंगला पैसे धर, पण कडक रिंग हा लेन्स न घेण्याचं कारण नाही. डगडगणारी रिंग मात्र आहे.

भावाचं म्हणशील तर परदेशी बाजारात चांगली ज्युपिटर-१२ साधारण शंभर डॉलरच्या आसपास मिळते, कमीजास्त होतं. त्यावर पोस्टेज आणि कस्टम. हे दोन्ही धरूनच हिशोब कर, पार्सल दारात आल्यावर नाही. तुझ्या बजेटमध्ये लेन्स बसून बरेच उरतात, आणि ते उरायलाच हवेत.

कारण फाइंडर. झोर्की-४ ची खिडकी फक्त ५० चं चित्र दाखवते, आत चौकटीच्या रेषा नाहीत. फोकस त्या खिडकीतून करायचा आणि चौकट कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या खाचेत, म्हणजे शूवर, लावलेल्या वेगळ्या फाइंडरमधून बघायची. रशियन फिरता फाइंडर मिळतो, समोर पाच भिंगांची चकती, २८, ३५, ५०, ८५ आणि १३५. जड आहे, बेढब आहे, टोपी घातल्यासारखा दिसतो, पण पुढे २८ घेतलीस तरी तोच चालेल. आतली काच पिवळी पडलेली नाही ना एवढं बघ. फक्त ३५ चा छोटा जपानी फाइंडर दिसायला देखणा असतो, किंमत मात्र कधीकधी लेन्सएवढी.

आणि फाइंडर यायला दोन महिने लागणार असतील तर तोवर तारेचा कर. जाड तार घे, आतून ७२ बाय ४८ मिलिमीटरची चौकट वाकव, तिचा पाय शूमध्ये अडकेल असा कर, आणि डोळा चौकटीपासून ७० मिलिमीटरवर ठेव. ही थेट ३५ ची चौकट झाली, कारण ३६ ला ३५ जे तेच ७२ ला ७०. २८ साठी तीच चौकट ५६ मिलिमीटरवर. तार डोळ्याला धूसर दिसते, म्हणून कडेला जरा हात राखून काढ. वरून बघतोस म्हणून जवळच्या वस्तू चौकटीत किंचित खाली सरकतात, तेवढं ध्यानात ठेव. मी लग्नांचं काम करायचो तेव्हा हसायचे लोक त्या तारेला. फोटो बघून कोणी हसलं नाही.

लेन्स आली की रोल भरू नकोस. रोल आता इतके महाग झालेत की तपासणीसाठी एक जाळणं परवडत नाही, आणि गरजही नाही. झोर्की-४ चं पाठीमागचं झाकण पूर्ण निघतं. ते काढ. आतल्या दोन रुळांवर, जिथे फिल्म टेकते तिथे, दुधी चिकटपट्टी ताणून लाव, सुरकुती न पडता. बाहेरच्या उंच रुळांवर नाही, आतल्या. शटर ‘बी’ वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं), केबल रिलीज, म्हणजे बटण दाबायची तार, लावून लॉक कर. आता लेन्स अनंतावर, छिद्र पूर्ण उघडं, आणि कॅमेरा लांबच्या एखाद्या कडक रेषेच्या वस्तूकडे: सिद्धेश्वर तलावाच्या अलीकडून पलीकडच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज, नाहीतर गच्चीवरून दूरची पाण्याची टाकी. पट्टीवर उलटं चित्र पडेल. ते बघायला भिंग हवं, आणि भिंग तुझ्याकडे आहेच. ज्युपिटर-८ काढून ठेवली आहेस ना, तीच उघड्या छिद्राने डोळ्याला लाव, पाच पट मोठं दिसतं. रेषा कडक असेल तर लेन्स ठीक. त्याच वेळी रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळतात का बघ. पट्टीवर कडक पण रेंजफाइंडर चुकलेला, तर दोष कॅमेऱ्याचा, स्क्रूने जुळतो. रेंजफाइंडर बरोबर पण पट्टीवर मऊ, तर लेन्समधली पातळ पत्र्याची चकती कोणीतरी कधीतरी उघडून चुकीची बसवली आहे. रशियन लेन्समध्ये हे सर्रास असतं, कारण आधीच्या मालकांपैकी एकाने तरी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलेली असते. एक-दीड मीटरवर वर्तमानपत्र धरून हीच तपासणी परत कर.

लेन्स पूर्ण बसल्यावर तिची खूण बरोबर वर न येता थोडी डावी-उजवीकडे आली तर घाबरू नकोस. आट्यांची सुरुवात सगळीकडे सारखी नव्हती. दिसायला वाईट, कामाला नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात.

ओरायन-१५, २८ मिलिमीटर, एफ/६. बाहेरच्या उन्हात सुंदर, कडेपर्यंत कडक. तुझ्या कारखान्यात निरुपयोगी, कारण वर सांगितलंच. रुसार एमआर-२, २० मिलिमीटर, एफ/५.६, मिखाईल रुसिनोवची रचना, चपट्या बशीएवढी. माझी आवडती आहे, म्हणूनच सांगतो की घेऊ नकोस. रेंजफाइंडरशी जोडलेली नाही, वेगळा २० चा फाइंडर लागतो, आणि भाव आता ‘स्वस्त’ या शब्दात बसत नाही.

फोग्टलेंडर. नाव जर्मन, पण १९९९ पासून या लेन्स जपानच्या कोसिनाच्या. सुरुवातीच्या बऱ्याच याच आट्यांवर निघाल्या आणि झोर्कीवर बसतात. ३५ ची कलर-स्कोपार एफ/२.५ ही तुझ्या कामाला ज्युपिटर-१२ पेक्षा सरळसरळ चांगली आहे: रिंग बाहेर, टिकटिक आहे, ऊन समोरून आलं तरी झेपतं. पण तिच्या किमतीत ज्युपिटर-१२, फाइंडर आणि वर्षभराचे रोल येतात. उद्या बजेट वाढलं तर पुढचं पाऊल हेच, किंवा २८ ची एफ/३.५. तिथलीच २५ ची स्नॅपशॉट-स्कोपार एफ/४ पुष्कळदा फाइंडरसकट मिळते. रेंजफाइंडरशी जोडलेली नाही, पण फोकसला ठरावीक अंतरांवर खाचा आहेत, अंधारातही बोटाला कळतात. फक्त यात्रेसाठी विचारलं असतंस तर हीच सांगितली असती.

जुन्या जपानी कॅननच्या ३५ आणि २८ च्या लेन्स घडणीला रशियनांपेक्षा फार वरच्या. पितळ, क्रोम, हातात घेतल्यावर कळतं. त्यांचा रोग एकच: छिद्राजवळच्या काचेवरचा दुधी थर. काहींमध्ये तो काच कोरून बसलेला असतो, पुसून जात नाही. समोर बसून टॉर्च लावता येणार असेल तरच घे, फोटो बघून नको. आणि कुठल्याही बिगर-रशियन लेन्सचं मागचं कडं पूर्ण गोल आहे का बघ. लायका, कॅननमध्ये त्या कड्यावर चाक फिरतं, झोर्कीत चाकाऐवजी तिरप्या तोंडाचा पाय आहे. कड्याऐवजी अर्धवट जीभ असेल तर तो पाय तिच्यावरून घसरून फोकस चुकू शकतो.

राहिल्या त्या नव्या चिनी लेन्स, ज्यांच्या जाहिराती तुला सारख्या दिसत असतील. सेव्हनआर्टिझन्स, टीटीआर्टिझन. २८ ची एफ/१.४, ३५ ची एफ/२, एफ/१.४. चांगल्या आहेत, नव्या कोऱ्या आहेत, पण त्या लायकाच्या एम बायोनेटच्या. आट्यांची लेन्स एक मिलिमीटरची रिंग लावून एम कॅमेऱ्यावर जाते, कारण एमचं अंतर २७.८. उलटं होत नाही. एम लेन्स झोर्कीवर बसवायची तर ती एक मिलिमीटर फिल्मच्या आत ढकलावी लागेल. कुठलाही अडॅप्टर ते करू शकत नाही, कोणी विकत असला तरी. उद्या एम कॅमेरा घेतलास तर परत विचार.

यात्रेसाठी एक युक्ती, मग थांबतो. मिरवणुकीत रेंजफाइंडर जुळवत बसायला वेळ नसतो. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, आणि मागून लोटणारी गर्दी. ३५ वर एफ/११ लाव आणि फोकस ३.७ मीटरवर ठेवून दे. साधारण १.९ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं कडक येतं. पुढे २८ घेतलीस तर एफ/११ वर फोकस २.४ मीटरवर, आणि १.२ पासून पुढचं सगळं. एवढं एकदा ठरवलं की रेंजफाइंडर विसरायचा, नुसती चौकट बघायची. पांढऱ्या बाराबंदीवर मीटर धरू नकोस, तो चेहरे काळे करेल. स्वतःच्या तळहातावर धर आणि एक स्टॉप उघड. नंदीध्वज उंच आहे म्हणून कॅमेरा वर तिरका केलास की शेजारच्या इमारती आत झुकतात. एखाद्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ओळख काढ, तिथून सरळ समोर धरता येतो. सम्मती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याला आदल्या दिवशी जागा बघून ये, त्या दिवशी पाय ठेवायला जागा मिळत नाही.

आणि शटर ओढल्याशिवाय झोर्कीचा स्पीड बदलू नकोस. आधी ओढ, मग स्पीड. उलटं केलंस तर आतला दात तुटतो, आणि मग माझ्याकडे येशील.

समोरचं झाकण नेहमी लाव. झोर्कीचा पडदा कापडाचा आहे, आणि लेन्ससमोर आरसा नाही. म्हणजे अनंतावर लावलेली लेन्स सूर्याकडे तोंड करून राहिली की ती सरळ भिंग होते. एका एप्रिलमध्ये कंबर तलावाजवळ मी कॅमेरा कठड्यावर, तोंड वर करून ठेवला आणि चहा घेतला. पुढच्या रोलच्या प्रत्येक फोटोत आकाशात एकाच जागी एक पांढरा ठिपका. आधी मला वाटलं धुताना काहीतरी गेलं. मग पडदा दिव्यासमोर धरला, तर टाचणीच्या टोकाएवढं भोक. काळं रबर सोल्यूशन काडीच्या टोकाने लावून ते बुजवलं, दोन पातळ हात, मध्ये एक दिवस वाळवून. तो कॅमेरा अजून चालतो. तुझ्या झोर्कीचा पडदाही एकदा दिव्यासमोर धरून बघ, आजोबांनीही कधीतरी चहा घेतला असेल.